पाइप बदलायचा की राहू द्यायचा?

हा पेट्रोलच्या रबरी पाइपचा तुकडा पुढे पाठवा मंडळी, एकेकाने हातात घेऊन बघा. वरून चांगला काळा, मऊ, एक चीर नाही. आता कापलेल्या बाजूने आत बोट घाला, काळी भुकटी लागेल. हा माझ्या जिप्सीतून निघालाय. गेल्या वर्षी सिमरोलच्या घाटात गाडी चढावर धक्के खायला लागली, दम सोडला, पेट्रोलचा फिल्टर उघडला तर आत हीच भुकटी, आणि मी मात्र तोवर दर महिन्याला बॉनेट उघडून वरून बघायचो आणि समाधानाने बंद करायचो.

गाडी १९९८ ची, १.३ लिटर, कार्बवाली, म्हणजे कार्ब्युरेटरची; जिप्सीला एमपीएफआय, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन, आलं २००० मध्ये. मी त्यात मारुतीच्याच एस्टीम गाडीचं एमपीएफआय इंजिन बसवून घेतलं, आरटीओची परवानगी काढली, आरसीवर नोंद केली, विमावाल्यांना कळवलं (हे तुम्हीही करा, आग लागल्यावर कागद शोधत बसू नका). गॅरेजवाल्याने इंजिन छान बसवलं, वायरिंग छान केलं, पण इंजिनाजवळचे रबरी पाइप जुनेच जोडले. म्हणाला, चल रहा है ना.

चालत होतंच. पण कार्बच्या गाडीत पाइपमध्ये प्रेशर किती, ३-४ पीएसआय (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप, टायरच्या हवेचंच). इंजेक्शनमध्ये ४० च्या वर, म्हणजे दहापट. कार्बचा पाइप गळला तर पेट्रोल टपकतं, वास येतो, आपण थांबतो. इंजेक्शनच्या पाइपला सुईएवढं भोक पडलं तरी फवारा उडतो आणि बाजूलाच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारी नळी असते. म्हणून मला कोणी विचारलं की काका पाइप बदलू का, तर पाइप किती जुना हे मी नंतर विचारतो, आधी विचारतो की गाडीत काय काय बदललंस. नुसते टायर आणि बंपर बदलले असतील तर घाई नाही, नीट तपासा आणि चालवा. कार्बचं इंजेक्शन केलंय, टर्बो लावलाय, पेट्रोल ढकलणारा मोठा पंप टाकलाय, तर रबर सगळं नवीन, त्यात वादच नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. २०२३ पासून ई२० यायला लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांचे पाइप साध्या नायट्राइल रबराचे, ते इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, आणि गाडी महिनाभर उभी राहून पाइप कोरडा झाला की कडक होऊन तडकतात. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. त्यामुळे नवीन पाइप घेताना दुकानदाराला नुसतं "पेट्रोलचा पाइप दे" म्हणू नका, पाइपवर छापलेलं वाचा. त्यावर पाइपच्या प्रतीचा नंबर असतो. ३०आर७ लिहिलेला साधारण ५० पीएसआयपर्यंतचा, तो कार्बला ठीक. इंजेक्शनला ३०आर९ पाहिजे, तो १०० पीएसआयचा आणि त्याचा आतला थर फ्लोरोरबरचा असतो, इथेनॉलला टिकणारा. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप घेऊच नका, कितीही जाड दिसला तरी.

टाकीच्या आतला पाइप वेगळा, हे बऱ्याच मेकॅनिकनाही माहीत नसतं. पंप टाकीत बसवला की तो पाइप आतून-बाहेरून पेट्रोलात बुडालेला असतो आणि आर९ ची बाहेरची बाजू त्यासाठी बनवलेलीच नसते, तिथे आर१० लागतो. हा महाग येतो, पण बोटभर तुकड्याचंच काम असतं.

आणि स्टीलची लाइन उगाच काढू नका. खालून पुढपर्यंत जाणारी कंपनीची स्टील लाइन वायर ब्रशने घासून बघा, वरवरचा गंज असेल तर राहू द्या, खड्डे पडले असतील किंवा क्लॅम्पखाली खाल्लेली असेल तरच बदला. काही जण तिथे तांब्याची नळी टाकतात, वाकवायला सोपी म्हणून. नको. हादऱ्याने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं. स्टीलच्या जाळीचा पाइप दिसायला भारी, पण आतलं रबर कुजलं तरी जाळीखाली कळत नाही, आणि ती जाळी शेजारच्या वायरीला घासून कापते.

आता पाइप आवळायची क्लिप. स्क्रूने आवळायची, पट्टीला खाचा असलेली जुबली क्लिप इंजेक्शनच्या पाइपवर नको, आवळताना रबर त्या खाचांतून बाहेर येऊन कापलं जातं. गुळगुळीत पट्टीची इंजेक्शन क्लिप घ्या. आणि स्टीलच्या नळीचं टोक नुसतं कापलेलं नसावं, त्याला फुगवटा काढलेला पाहिजे, नाहीतर ४० पीएसआयला पाइप सरकून निघतो.

सगळं जोडून झालं की इंजिन चालू न करता किल्ली ऑन-ऑफ करून चार-पाच वेळा पंप चालवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, गळत असेल तर तो ओला होईल. मग गाडी चांगली तापवून आणा, परत फिरवा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा थंड असताना कोरडं होतं, गरम झाल्यावर फिल्टरच्या जोडावर कागद ओला झाला.

गाडी बाहेरच उभी आहे, बॉनेट उघडं ठेवलंय. कागदही ठेवलाय, या आणि फिरवून बघा.