उड्डाण पुढे ढकललं, ते का?

श्रोतेहो, नमस्कार.

१५ जुलै २०१९ची पहाट अनेकांना आठवत असेल. चांद्रयान-२ श्रीहरिकोट्याहून दोन वाजून एक्कावन्न मिनिटांनी निघणार होतं. राष्ट्रपती रामनाथ कोविंद उड्डाण पाहायला आले होते, देशभर लोक टीव्हीसमोर जागे होते. उलटगणती सुरळीत चालली होती. आणि ५६ मिनिटं २४ सेकंद उरलेली असताना ती थांबली. थोड्या वेळाने इस्रोने जाहीर केलं की प्रक्षेपकात तांत्रिक दोष आढळला आहे, खबरदारी म्हणून आजचं उड्डाण होणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे हळहळ होती, काही ठिकाणी तर अपयशाचीच भाषा होती. मला मात्र त्या रात्री ज्यांनी ‘थांबा’ म्हटलं त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आणि आजही वाटतो. राष्ट्रपती समोर बसलेत, कॅमेरे सुरू आहेत, वर्षानुवर्षांची मेहनत प्रक्षेपणतळावर उभी आहे, आणि पडद्यावरचा एक आकडा असायला हवा तसा नाही. तेवढ्यावर सगळं थांबवायला मोठं धैर्य लागतं.

तेव्हा तिथे काय परिस्थिती होती ते पाहा. रॉकेटच्या सगळ्यात वरच्या, क्रायोजेनिक टप्प्यात द्रव ऑक्सिजन आणि द्रव हायड्रोजन भरलेला होता. ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला, हायड्रोजन उणे २५३ अंशांना. त्या टप्प्यातल्या, टाक्यांमध्ये दाब राखणाऱ्या हेलियम वायूची गळती होत होती. अशा अवस्थेत कुणी पाना घेऊन शिडी चढू शकत नाही. आधी सगळं इंधन उलट काढून घ्यायचं, टाक्या रिकाम्या आणि सुरक्षित करायच्या, तेव्हा कुठे माणसं रॉकेटजवळ जाणार. त्या रॉकेटची ‘विकास’ नावाची इंजिनं आपल्या विक्रोळीतल्या गोदरेजच्या कारखान्यात घडतात, बाजूच्या घन इंधनाच्या मोटारींची काही कवचं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला तयार होतात. एवढ्या हातांनी घडवलेली वस्तू एका गळतीपायी समुद्रात जाऊ द्यायची नसते.

एका आठवड्यात दोष दूर झाला आणि २२ जुलैला दुपारी दोन वाजून त्रेचाळीस मिनिटांनी चांद्रयान-२ निघालं. पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते यापुढचं. निघायला आठवडा उशीर झाला, तरी चंद्रावर उतरण्याची वेळ जवळपास तीच राहिली, ७ सप्टेंबरची पहाट. कारण विक्रम लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, सूर्यप्रकाशावर चालणार होता. चंद्रावरचा एक दिवस, म्हणजे ऊन असलेला काळ, आपल्या सुमारे चौदा दिवसांएवढा असतो, आणि उतरायचं ते तिथलं ऊन नुकतं वर येत असताना, म्हणजे कामाला पुरा दिवस मिळतो. ती सकाळ चुकली तर पुढच्या सकाळीपर्यंत जवळजवळ महिना थांबावं लागतं. मग इस्रोने मधला प्रवास नव्याने बेतला. पृथ्वीभोवती १७ऐवजी २३ दिवस काढायचे, आणि चंद्राभोवती २८ दिवस फिरायचं होतं ते १३ दिवसांत आटपायचं. विक्रम उतरताना शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला हे आपल्याला ठाऊक आहे. त्याची कारणं या उशिरात नव्हे, इंजिनांच्या जोरात आणि यानाच्या नियंत्रणात सापडली.

म्हणून उड्डाण लांबल्याची बातमी आली की मी आधी एक प्रश्न विचारते. या मोहिमेत कुठली तारीख हलू शकते आणि कुठली अजिबात हलू शकत नाही? माणूस नसलेल्या यानांचं सगळं वेळापत्रक या प्रश्नावर उभं असतं. निघण्याची तारीख आपण ठरवतो. पोचण्याची तारीख ग्रह ठरवतात.

मंगळाचंच घ्या. पृथ्वी आणि मंगळ प्रवासाला सोयीच्या स्थितीत साधारण दर २६ महिन्यांनी येतात. तेव्हा थोडे आठवडे मार्ग खुला असतो, मग बंद. त्यात निघायला जमलं नाही, तर दोष चार दिवसांत दुरुस्त होणारा असला तरी सव्वादोन वर्षं गेलीच.

आपलं मंगळयान २८ ऑक्टोबर २०१३ला निघणार होतं. ते निघालं ५ नोव्हेंबरला. यान तयार होतं, रॉकेट तयार होतं, पण एक जहाज वेळेवर पोचलं नाही म्हणून थांबावं लागलं. ते नेणाऱ्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा या खेपेला नेहमीसारखा लगेच पेटणार नव्हता. तिसरा टप्पा संपल्यावर रॉकेटने बराच वेळ इंजिन न चालवता तसंच पुढे जायचं होतं आणि चौथं इंजिन पेटायचं होतं ते थेट दक्षिण प्रशांत महासागरावर. तिथे आपलं एकही जमिनीवरचं केंद्र नाही. इंजिन पेटलं की नाही, यान सुटलं की नाही, हे कळायचं कसं? त्यासाठी मुंबईत मुख्यालय असलेल्या शिपिंग कॉर्पोरेशनची दोन जहाजं, नालंदा आणि यमुना, अँटेना बसवून प्रशांत महासागरात पाठवली होती. नालंदा खराब हवामानात अडकलं आणि फिजीला उशिरा पोचलं.

हे जहाज नसतं तरी रॉकेट उडालं असतंच की, असं कुणी म्हणेल. उडालं असतं. पण काही बिघडलं असतं तर काय बिघडलं ते कुणालाच समजलं नसतं. इस्रोने थांबणं पसंत केलं, आणि तेही मुदत १९ नोव्हेंबरला संपत असताना. हाताशी तीन आठवडे, त्यातला एक जहाजासाठी दिला. हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. ५ नोव्हेंबरला दुपारी दोन वाजून अडतीस मिनिटांनी रॉकेट निघालं, सुमारे ४४ मिनिटांनी यान सुटं झालं, आणि ती खबर त्या जहाजांमुळेच मिळाली. नंतर कक्षा वाढवताना ११ नोव्हेंबरला इंजिनाचा जोर अपुरा पडला, दुसऱ्या दिवशी तो भरून काढला. १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर यानाने पृथ्वीची कक्षा सोडली आणि २४ सप्टेंबर २०१४ला ते मंगळाभोवती पोचलं.

त्याच मोसमात अमेरिकेचं मावेन यानही मंगळाला निघायचं होतं. त्याची अडचण निराळीच होती. १ ऑक्टोबर २०१३ला अमेरिकेचं सरकारी कामकाज अर्थसंकल्पाच्या वादात ठप्प झालं आणि मावेनची तयारी बंद पडली. दोन दिवसांनी खास सवलत मिळाली आणि १८ नोव्हेंबरला ते वेळेवर निघालं. यान कधी निघणार हे राजकारणातही ठरतं. मंगळावर फिरण्यासाठी बनवलेल्या युरोपच्या रोझालिंड फ्रँकलिन रोव्हरला याचा जबर फटका बसला. २०१८ची तारीख २०२०वर गेली, २०२०ला पॅराशूटच्या चाचण्या समाधानकारक नव्हत्या म्हणून २०२२वर, आणि २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियाबरोबरचा करार मोडला. आता त्याच्यासाठी २०२८ साल धरलं आहे. ज्यांनी ऐन उमेदीत हे काम हाती घेतलं, त्यांची दहा वर्षं वाट पाहण्यात गेली.

थांबल्याने फायदा होतो की नुकसान? दोन्ही होतं, आणि हे उघड बोललं पाहिजे. मंगळावरची भूकंपमापनाची इनसाइट मोहीम मार्च २०१६मध्ये निघायची होती. तिच्या भूकंपमापकातली निर्वात पोकळी टिकत नव्हती, बारीकशी गळती होती. डिसेंबर २०१५मध्ये उड्डाण थांबवलं, खर्च सुमारे पंधरा कोटी डॉलर्सने वाढला आणि यान ५ मे २०१८ला निघालं. पण त्याच दुरुस्त केलेल्या यंत्राने मंगळावरच्या १,३००हून अधिक कंपनांची नोंद केली. गळकं यंत्र घेऊन दोन वर्षं आधी पोचून काय मिळालं असतं?

आता गॅलिलिओ. गुरूकडे जायचं हे यान १९८६च्या मे महिन्यात स्पेस शटलमधून निघणार होतं. जानेवारीत चॅलेंजर या शटलचा अपघात झाला, सात अंतराळवीर गेले, शटलची उड्डाणं थांबली. फ्लोरिडाला आणलेलं यान ट्रकवर घालून परत कॅलिफोर्नियाला नेलं, आणि पुढे पुन्हा फ्लोरिडाला. ऑक्टोबर १९८९ला ते निघालं. एप्रिल १९९१मध्ये त्याची मुख्य अँटेना उघडायची आज्ञा दिली. ४.८ मीटर व्यासाची ही अँटेना छत्रीसारखी मिटलेली, १८ काड्यांची. काही काड्या अडकल्या आणि ती कधीच पूर्ण उघडली नाही. तपासात निष्कर्ष निघाला की लांबच्या ट्रकप्रवासात आणि साठवणुकीच्या काळात सांध्यांवरचं वंगण घासून गेलं असावं. इंजिनीअरांनी छोट्या अँटेनावरून, माहिती आवळून, अगदी हळूहळू काम निभावलं आणि तरीही अप्रतिम विज्ञान दिलं. पण यान गोदामात पडून राहतं तेव्हा त्याचं वय वाढत असतं, हे मी या गोष्टीतून शिकले.

काही उशीर तर सेकंदांचे असतात. चांद्रयान-३चं उड्डाण ठरल्या क्षणापेक्षा ४ सेकंद उशिरा झालं, कारण अवकाशातला एक कचऱ्याचा तुकडा वाटेत जवळ येण्याची शक्यता हिशेबात दिसली होती. ४ सेकंद! दोन उपग्रह अवकाशात जोडून पाहायच्या इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेच्या उड्डाणाची वेळही डिसेंबर २०२४मध्ये अशाच कारणाने दोनेक मिनिटं पुढे सरकवली गेली. उलट युरोपच्या ज्यूस यानाला १३ एप्रिल २०२३ला निघायला मिळाली होती एकच सेकंदाची संधी. विजांचा धोका दिसला, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच एक सेकंद, आणि त्यात ते निघालं. २०३१ला ते गुरूपाशी पोचेल. गुरूच्या युरोपा या चंद्राच्या अभ्यासाला निघालेलं अमेरिकेचं युरोपा क्लिपर यान ऑक्टोबर २०२४मध्ये मिल्टन चक्रीवादळामुळे चार दिवस बांधून ठेवावं लागलं. तिथे एकवीस दिवसांची मुदत आधीच राखलेली होती, त्यामुळे चिंता कुणाला वाटली नाही.

ज्यांना उड्डाणांचा माग ठेवायचा आहे त्यांना माझं सांगणं असं. नुसता महिना किंवा तिमाही जाहीर झाली असेल, तर तिला इरादा समजा. यान कारखान्यातून श्रीहरिकोट्याला पोचलं, की गोष्ट पुढे सरकली. बंगालच्या उपसागरातल्या मच्छिमारांना आणि विमानांना त्या दिवसांसाठी अमुक पट्टा टाळा, अशा सूचना निघाल्या, की तारीख खरी होऊ लागली. मग उड्डाणाला मंजुरी देणाऱ्या मंडळाची बैठक होते, उलटगणती सुरू होते, आणि त्यानंतरही ती थांबू शकते. चक्रीवादळाच्या दिवसांत, ऑक्टोबर ते डिसेंबर, पूर्व किनाऱ्यावरच्या हवेकडे लक्ष असू द्या.

आणखी एक अपेक्षा मी मोकळेपणाने बोलून दाखवते, अवकाशसंस्थांकडून आणि आपल्या बातमीदारांकडूनही. उड्डाण थांबलं की कारण जितकं लवकर आणि जितकं नेमकं सांगता येईल तितकं सांगा. हेलियम गळतंय, सांध्याची तपासणी चालू आहे, आठवडाभर लागेल, हे शाळेतल्या मुलालाही समजतं. कारण कळलं तर तो मुलगा निराश होण्याऐवजी सांधा म्हणजे काय ते शोधायला लागतो.

मंगळाकडे जाण्याची पुढची संधी २०२६च्या अखेरीस येते आहे. जपानचं एमएमएक्स यान मंगळाच्या फोबॉस या चंद्रावरची माती आणायला निघायचं आहे. ते २०२४ला जाणार होतं. पण ज्या एच-३ रॉकेटवर त्याची भिस्त होती, त्याचं पहिलं उड्डाण मार्च २०२३मध्ये फसलं, आणि जपानने रॉकेटवर विश्वास बसेपर्यंत यान हातचं न सोडण्याचा निर्णय घेतला. हे यान निघायच्या वेळी त्याच्या बातम्या जरूर ऐका. तारीख बदलली असेल तर कारण विचारा, आणि ती मुदत कधी संपते तेही विचारा.

नमस्कार.