पिशवी लागणार काय, हे बायोप्सीला विचारा
(फोंड्यातल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागे बसलेल्यांनी पुढे या बघू, आज विषय शौचाच्या जागेचा आहे, जे लाजून दूर बसलेत त्यांनाच आधी ऐकवायचंय. (हशा)

बोलायचंय मलाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या, कॅन्सरमधल्या रोगप्रतिकारक पेशींबद्दल, पण आधी एक तक्रार, ती काढल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. आपल्याकडे शौचातून रक्त पडलं की मूळव्याध. शेजारीण म्हणते मूळव्याध, फार्मसीवाला म्हणतो मूळव्याध, ताक पी, मलम लाव, झालं. पेडण्याकडची एक बाई होती, तिची बायोप्सी, म्हणजे गाठीचा तपासायला काढलेला तुकडा, माझ्या लॅबच्या टेबलावर आली तोवर वर्ष गेलेलं. घरी सांगायची लाज, आणि ज्या दवाखान्यात दाखवलं तिथे न तपासताच चिठ्ठी लिहून दिली! अहो, बोट घालून बघायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, खालची गाठ बऱ्याचदा बोटालाच लागते. रिपोर्ट न्यायला तिचा मुलगा आला, त्याने पहिलं काय विचारलं? ‘डॉक्टर, आईला पिशवी लागणार काय?’ बरी होईल का, हे नंतर. पोटावर शौचाची पिशवी लावून बसने जायचं, देवळात बसायचं, लग्नात जेवायचं, सगळं त्या एका प्रश्नात आलं.

तर वाढलेल्या गाठीला बहुतेक वेळा आधी पाच-साडेपाच आठवडे रेडिएशन, सोबत केमोच्या गोळ्या, मग ऑपरेशन. आणि कापून काढलेला भाग आमच्याकडे येतो तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांत गाठ शिल्लकच नसते! ब्राझीलच्या डॉ. अँजेलिटा हाब्र-गामा म्हणाल्या, पूर्ण विरघळली असेल तर कापू नका, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. २००४ साली त्यांचे निकाल छापून आले. काहींची गाठ परत येते, म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण कोणाची विरघळणार, हे आधी कसं कळायचं?

चिटणीस घड्याळ दाखवतायत, आठला इथे नाटकाची तालीम आहे, भराभर सांगतो.

उपचाराआधीच्या बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये असतोच. त्याची पातळ चकती कापून सीडी३, सीडी८ या खुणांचे स्टेन, म्हणजे रंग, केले की निळसर गाठीत टी-सेल, म्हणजे त्या रोगप्रतिकारक पेशी, तपकिरी ठिपक्यांसारखे दिसतात. काही गाठींत ते आत घुसलेले, काहींत जत्रेला देवळाबाहेर अडकलेल्या गर्दीसारखे कडेलाच. पॅरिसच्या जेरोम गॅलाँ यांच्या गटाने २००६ साली मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये दाखवलं की हे ठिपके किती आणि कुठे, यावरून पुढचं बरंच कळतं. नंतर मलाशयाच्या बायोप्सीतही तेच, ठिपके दाट तर रेडिएशनचा गुण जास्त, कारण रेडिएशनने पेशी फुटतात, त्यांचे तुकडे टी-सेलना जागे करतात, आणि टी-सेल तिथे हजर असले की काम लवकर होतं. मात्र बायोप्सी इवलीशी, एका कोपऱ्यात दाट दुसऱ्यात विरळ, आणि टी-रेग नावाच्या पेशी उलट ब्रेक लावतात, त्यामुळे एकट्या मोजणीवर निर्णय नको, एमआरआय सोबत हवाच.

आणि एमएमआर! डीएनए दुरुस्त करणारी ही प्रथिनं नसलेल्या गाठी शंभरात पाच-दहाच, पण २०२२ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये अशा १२ जणांना नुसतं डोस्टारलिमॅब, म्हणजे टी-सेलचा ब्रेक काढणारं औषध, दिलं, बाराही जणांची गाठ गेली, ना रेडिएशन ना ऑपरेशन. म्हणून माझं एकच मागणं आहे, मलाशयाच्या प्रत्येक कॅन्सरच्या बायोप्सीवर एमएमआरची तपासणी झालीच पाहिजे, आणि टी-सेल मोजायलाही सुरुवात करूया. रिपोर्ट हातात आला की विचारा, एमएमआर केलं का? नसेल तर त्याच ब्लॉकवर होतं, परत तुकडा काढावा लागत नाही.

बाकीचे प्रश्न बाहेर व्हरांड्यात घेतो, तालीमवाले दारात उभे आहेत.