पाणी आधी पोहोचतं की इशारा?

नमस्कार श्रोतेहो. धरण फुटलं तर पाणी कुठवर चढेल, हे पूररेषेचा नकाशा दाखवतो. त्या निळ्या पट्ट्यात किती जीव जातील, हे मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी संगणकात पाणी सोडावं लागतं आणि त्याच्यासमोर माणसंही उभी करावी लागतात. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाची लाइफसिम ही प्रणाली हेच काम करते.

आधी पाण्याचं गणित. जमिनीच्या चढउतारांवर चौकटींची जाळी टाकतात आणि प्रत्येक चौकटीत ठरावीक मिनिटांनी पाण्याची खोली आणि वेग काढतात. जाळी ढोबळ असली की रस्त्याचा भराव किंवा बांध त्यात विरघळून जातो, आणि प्रत्यक्षात अडणारं पाणी संगणकात सरळ वस्तीत शिरतं. म्हणून अशा उंचवट्यांच्या रेषा हाताने आखून घ्याव्याच लागतात.

मग प्रत्येक घराची नोंद: मजले किती, बांधकाम कशाचं, दिवसा किती माणसं, रात्री किती.

आता एकच घर पाहू. समजा, धरण रात्री 2 वाजता फुटलं. इशारा द्यायचा निर्णय 2:20ला झाला, तो या घरी 2:50ला पोहोचला. म्हातारी माणसं, मुलं, कागदपत्रं गोळा करून कुटुंब गाडीने निघालं 3:10ला. पाणी दाराशी येणार 3:30ला. म्हणजे 20 मिनिटं हाताशी आहेत, असं नकाशा पाहून वाटेल. पण वाटेतल्या सखल पुलावर पाणी 3:05लाच आलेलं आहे. साचलेल्या पाण्यातही लहान गाडी सुमारे 30 सेंटिमीटर खोलीला तरंगू लागते. घर कोरडं असताना माणसं रस्त्यावर सापडतात. रस्त्यांचं जाळं आणि गाड्यांची कोंडी हिशेबात धरली नाही, तर हा मृत्यू आकड्यात दिसतच नाही.

पायी निघालेल्यांसाठी खोली आणि वेग यांचा गुणाकार पाहतात, मीटर आणि मीटर प्रतिसेकंदात. लहान मुलांना 0.4च्या पुढे धोका असतो, मोठ्यांना 0.6च्या पुढे. 1.2च्या वर धडधाकट माणूसही पाय रोवून उभा राहू शकत नाही. पाण्याचा वेग 2 मीटर असेल, तर ही हद्द 60 सेंटिमीटर खोलीलाच येते. विटांच्या घरासाठी, वेग 2 मीटरच्या वर असताना, गुणाकार 3 झाला की पडझड आणि 7 झाला की घर कोसळणं धरतात. मग वरच्या मजल्याचा आसराही गेला.

यातली बरीचशी माहिती, विशेषतः इशारा पसरायला आणि लोक हलायला लागणारा वेळ, कुणालाच नेमकी ठाऊक नसते. म्हणून ती दर खेपेला थोडी बदलून हजारो वेळा पूर चालवतात. उत्तर येतं ते एका आकड्यात नव्हे, कमीतकमी ते जास्तीतजास्त अशा पल्ल्यात. अहवालात नुसती सरासरी छापली, तर सगळ्यांत वाईट रात्र झाकली जाते. ही चूक फार महागात पडते.

फ्रान्समधलं मालपासे धरण 2 डिसेंबर 1959च्या रात्री फुटलं आणि 400हून अधिक माणसं गेली. अशा घडून गेलेल्या पुरांवर प्रारूप ताडून पाहिल्याशिवाय पुढच्या आकड्यांवर भिस्त ठेवू नये.

त्यानंतरही, एकट्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधला फरक जास्त भरवशाचा, कारण दोन्हीकडच्या चुका बऱ्याच अंशी सारख्याच असतात. तोच पूर, तीच वस्ती. एकदा भोंगा 2:20ला वाजवा, एकदा 2:05ला. मग आपलं हे कुटुंब 2:55ला निघतं आणि पुलावर पाणी यायच्या आत पलीकडे जातं.