हौस फोन सजवण्याची

नमस्कार श्रोतेहो.

जून २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी लोकांना चक्क एका रंगापासून सावध केलं होतं. तुमच्यापैकी काहींना ते आठवत असेल. ‘तुमचं व्हॉट्सॲप गुलाबी करा, नव्या सोयी मिळवा’ असा मेसेज फिरत होता आणि त्याच्याखाली एक लिंक असायची. हेच प्रकरण एप्रिल २०२१ मध्येही एकदा येऊन गेलं होतं. लिंकवर बोट ठेवलं की प्ले स्टोअरच्या बाहेरून एक ॲप फोनमध्ये उतरायचं. एकदा बस्तान बसलं की ते स्वतःचा आयकॉन लपवायचं, आणि तुम्हाला कुणाचा मेसेज आला की तुमच्या नावाने परस्पर त्या माणसाला तीच लिंक धाडायचं. मावशीकडून भाच्याला, भाच्याकडून त्याच्या मित्राला. ओळखीच्या माणसाकडून आलेल्या लिंकवर कोण कशाला संशय घेईल?

या प्रकरणात लॉटरी नव्हती, नोकरीचं आमिष नव्हतं, वीज तोडण्याची धमकी नव्हती. हिरवं आहे ते गुलाबी होईल, एवढंच आश्वासन होतं आणि तेवढं पुरलं. तेव्हा बरेच जण म्हणाले, कशाला हवेत हे असले नसते शौक? मी मोबाइल ॲपच्या स्क्रीन डिझाइन करण्याचं काम करते आणि मला ते बोलणं पटलं नाही. सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत जी वस्तू हातात असते ती आपल्या मनासारखी दिसावी, असं वाटणं अगदी रास्त आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, तशी ही हौस आहे. ती पुरवायला आता फोनच्या बाहेर कुठे जावं लागत नाही, हे मला आज सांगायचंय. आणि सजावटीला सुरुवात कुठून करावी, याबद्दलही माझं एक ठाम मत आहे.

ही हौस काही आजची नाही. नोकियाचा ५११० हा फोन १९९८ साली आला. त्याचं पुढचं कव्हर घरच्या घरी काढून दुसऱ्या रंगाचं बसवता यायचं. नंतर ३३१० आला, आणि कव्हरं फुटपाथवरच्या टपऱ्यांवर ढिगाने लटकायला लागली. स्क्रीन काळीपांढरीच होती, त्यामुळे रंगांची सगळी हौस कव्हरवर भागवावी लागे. मग रंगीत स्क्रीनचे फोन आले आणि थीम, म्हणजे रंग, चित्रं आणि आयकॉन यांचा तयार संच, हा शब्द घरोघरी पोचला. मेमरी कार्डात गाणी भरून देणारा दुकानदार सोबत चार थीमही टाकून द्यायचा, आणि कॉलेजात त्या ब्लूटूथवरून या फोनातून त्या फोनात जायच्या.

आयफोनने मात्र बरीच वर्षं लोकांना फारशी मोकळीक दिली नव्हती. वॉलपेपर बदला, बाकी जसं आहे तसं. २०२० साली आयओएस १४ ही आयफोनची नवी प्रणाली आली, मुख्य स्क्रीनवर विजेट, म्हणजे घड्याळ, हवामान अशी माहिती दाखवणारे चौकोन, ठेवता यायला लागली आणि शॉर्टकट्स या ॲपमधून आयकॉनची चित्रंही बदलण्याची लाट आली. लोकांनी तासन्‌तास बसून एकेक आयकॉन बदलले. शेवटी २०२४ च्या आयओएस १८ मध्ये आयकॉन हवे तिथे मांडण्याची आणि सगळ्यांना एकच रंगछटा देण्याची सोय फोनमध्येच आली.

अँड्रॉइडवर २०२१ साली जे झालं ते मला, कामाच्या दृष्टीने, फार मोलाचं वाटतं. अँड्रॉइड १२ पासून फोन तुमच्या वॉलपेपरमधून रंग उचलतो. समजा तुम्ही पावसाळ्यातल्या माळशेज घाटाचा फोटो लावलात. फोन त्यातला ठळक रंग हुडकून काढतो, इथे अर्थात हिरवा. त्यापासून तो रंगांच्या पाच रांगा तयार करतो. तीन रांगा उठावदार रंगांच्या आणि दोन जवळजवळ करड्या. प्रत्येक रांगेत अगदी गडदपासून अगदी फिकटपर्यंत तेरा छटा. मग बटणाला कुठली छटा, त्यावरच्या अक्षरांना कुठली, मागच्या पाटीला कुठली, हे ठरलेलं असतं. फिकट पाटीवर नेहमी गडद अक्षर येतं, त्यामुळे फोटो कुठलाही लावा, वाचता न येण्यासारखा गोंधळ सहसा होत नाही. कॅल्क्युलेटर, घड्याळ, कीबोर्ड, सगळ्यांवर घाटाचा हिरवा उतरतो. मुख्य स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा. वॉलपेपर आणि स्टाईल असा पर्याय येतो, तिथे हे सगळं सापडतं. कंपनीगणिक नावं थोडी वेगळी असतील.

वॉलपेपरचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आपल्याकडे निम्म्या फोनवर विठ्ठल, गणपती नाहीतर नातवंडं असतात, आणि नेमकं त्यांच्या चेहऱ्यावर व्हॉट्सॲपचं हिरवं गोल बसलेलं असतं. मला हे बघवत नाही. आयकॉन खालच्या ओळींत घ्या, उरलेले दुसऱ्या पानावर ढकला, किंवा देवाचा फोटो लॉक स्क्रीनवर लावा आणि आत साधा एकरंगी वॉलपेपर ठेवा. आतली स्क्रीन जितकी शांत, तितकं हवं ते ॲप पटकन सापडतं.

आता डार्क मोड, म्हणजे काळ्या पाटीवर उजळ अक्षरं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या दोघांनी तो अख्ख्या फोनसाठी आणला, आणि मार्च २०२० मध्ये तो व्हॉट्सॲपवरही आला. बॅटरी वाचते म्हणून बरेच जण तो चोवीस तास लावून ठेवतात. ते कितपत खरं आहे, हे तुमची स्क्रीन कुठल्या जातीची आहे त्यावर ठरतं. ओलेड स्क्रीनवर प्रत्येक ठिपका स्वतःचा उजेड स्वतः देतो, त्यामुळे काळा भाग म्हणजे बंद ठिपके, आणि तेवढी वीज वाचते. स्वस्त फोनमध्ये बहुधा एलसीडी असते. तिथे मागचा दिवा कायम चालूच असतो, समोर काळं दिसो की पांढरं, त्यामुळे बचत जवळजवळ नाहीच. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ साली ओलेड फोनवर मोजणी केली. ब्राइटनेस पूर्ण असेल तर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. पण ब्राइटनेस ३० ते ५० टक्क्यांवर असेल, म्हणजे आपण घरात ठेवतो तसा, तर बचत जेमतेम ३ ते ९ टक्के. बॅटरीची काळजी असेल तर ब्राइटनेस खाली आणण्याने त्यापेक्षा जास्त फरक पडतो.

डोळ्यांचं म्हणाल तर अंधाऱ्या खोलीत डार्क मोड नक्कीच सुखाचा. पण भर दुपारी शेतात, बसथांब्यावर किंवा स्कूटरवर पत्ता बघताना काळ्या स्क्रीनमध्ये आपलाच चेहरा दिसतो, अक्षरं दिसत नाहीत. शिवाय ज्यांच्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर आहे त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी, कडेने पसरल्यासारखी दिसू शकतात. तुम्हाला तसं होत असेल तर दिवसा सरळ उजळ थीम ठेवा. सूर्यास्ताला आपोआप गडद आणि सूर्योदयाला आपोआप उजळ, अशी वेळ लावायची सोय दोन्हीकडे आहे, आणि बहुतेकांना तीच सोयीची पडते.

रंगांबद्दल एवढं पुरे. मघाशी मी ठाम मत म्हणाले ते अक्षरांबद्दल आहे. फोन सजवायला घेताना पहिला हात अक्षरांना लावावा. वॉलपेपर नंतर, आयकॉन नंतर, रंग त्याहून नंतर. कारण फोनवर आपण सगळ्यात जास्त काय करतो, तर वाचतो.

सेटिंगमध्ये डिस्प्लेत गेलात की फॉन्टचा आकार आणि डिस्प्लेचा आकार अशा दोन वेगळ्या पट्ट्या दिसतात. पहिलीने फक्त अक्षरं मोठी होतात. दुसरीने अक्षरं, बटणं, आयकॉन सगळंच मोठं होतं. ज्यांचं बोट नेमकं बसत नाही, शेजारचंच बटण दाबलं जातं, त्यांच्यासाठी ही दुसरी पट्टी आहे. तिसरी गोष्ट म्हणजे ठळक अक्षरं. अक्षर फार मोठं केलं की ओळीत तीनच शब्द मावतात आणि सारखं सरकवत बसावं लागतं. त्यापेक्षा आकार थोडा वाढवा आणि अक्षर ठळक करा, वाचन सुधारतं. २०२३ च्या अँड्रॉइड १४ पासून अक्षरं दुप्पट करता येतात, आणि मुळातच मोठी असलेली शीर्षकं त्या मानाने कमी वाढतात, म्हणजे पान विस्कटत नाही. आयफोनवर तर एकेका ॲपपुरता अक्षरांचा आकार वेगळा ठेवता येतो.

मराठीत वाचणाऱ्यांसाठी यात आणखी एक मेख आहे. इंग्रजी अक्षर ओळीत सुटसुटीत बसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. बऱ्याच ॲपमध्ये ओळीची उंची इंग्रजी अक्षरं समोर ठेवून ठरवलेली असते. अक्षरं वाढवली की आमच्या ‘दूध’चा उकार खालून कापला जातो आणि ‘दध’ उरतं. ‘किंमत’वरचा अनुस्वार वरून उडतो. कामावर एखादी स्क्रीन तपासताना मी मुद्दाम असेच शब्द टाकते. दूध, किंमत, हृदय, कुऱ्हाड, ज्ञानेश्वर. हे पाच शब्द धड दिसले तर स्क्रीन पास. तुम्हीसुद्धा नवा फॉन्ट लावलात की हे शब्द स्वतःलाच मेसेज करून बघा. कुऱ्हाडीतला र नीट चंद्रकोरीसारखा दिसतोय का, ज्ञ फुटून ज आणि त्याखाली पाय मोडल्याची खूण तर आली नाही ना, एवढं पाहिलंत तरी फॉन्टची जात कळते.

थीमच्या दुकानात मिळणारे बरेचसे नक्षीदार फॉन्ट फक्त इंग्रजी अक्षरांचे असतात. ते लावले की इंग्रजी अक्षरं वळणदार होतात आणि मराठी आहेत तशीच राहतात, एकाच ओळीत दोन तऱ्हा दिसतात. मराठीसाठी चांगले फॉन्ट नाहीत असं मात्र नाही. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला ‘मुक्ता’ हा देवनागरी फॉन्ट मोफत आहे आणि वाचायला फार छान आहे. त्यांचाच ‘मोदक’ नावाचा गुबगुबीत फॉन्ट आहे, तो बोर्डावरच्या चार अक्षरांना शोभतो, दिवसभराचे मेसेज त्यात वाचू नयेत. आणि फोनची भाषा मराठी ठेवा. काही फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणं असतात. भाषा मराठी निवडलेली असेल तर मराठी वळण समोर येतं. आपल्या शाळेत गिरवलेला ल फोनवर दिसला की मला तरी बरं वाटतं.

अक्षर आणि त्यामागचा रंग यात किती फरक हवा, याचंही माप आहे. काळ्या-पांढऱ्यात तो सगळ्यात जास्त, २१ ला १. वेबच्या सुगम्यतेच्या, म्हणजे नजर अधू असलेल्यांनाही वापरता यावं यासाठीच्या, नियमांत साध्या आकाराच्या अक्षरांना निदान साडेचारास एक हवा असं धरलं जातं. फिक्या जांभळ्यावर पांढरी अक्षरं फोटोत गोड दिसतात, पण ती या मापात बसत नाहीत. घरात कुणाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नसेल तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीखाली रंगसुधारणेचा पर्याय आहे, तो एकदा लावून त्यांनाच विचारा की आता बरं दिसतंय का. पुरुषांमध्ये हा दोष बायकांपेक्षा खूपच जास्त आढळतो, आणि कित्येकांना तो आपल्याला आहे हेच माहीत नसतं.

आता पुन्हा त्या गुलाबी रंगाकडे. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉट्सॲपने स्वतःच चॅट थीम दिल्या. सेटिंगमध्ये चॅट्स, तिथे थीम. मेसेजचे फुगे वेगवेगळ्या रंगांचे करता येतात, प्रत्येक चॅटला वेगळी थीम देता येते, आणि ती फक्त तुम्हालाच दिसते. म्हणजे ज्यासाठी लोकांनी धोका पत्करला ते आता घरातच आहे. तरीही जीबी व्हॉट्सॲपसारखी, व्हॉट्सॲपमध्ये फेरफार करून दुसऱ्यांनीच बनवलेली, बाहेरची ॲप अजून वापरात आहेत. व्हॉट्सॲप ती अधिकृत मानत नाही, ती वापरणाऱ्यांची खाती तात्पुरती बंदही करतं, आणि अशा ॲपमधून जाणारे तुमचे मेसेज कोण वाचतं याची हमी कुणी देत नाही.

थीम, आयकॉन किंवा वॉलपेपरचं कुठलंही ॲप घेताना ते काय परवानगी मागतं तेवढं बघा. रंग बदलायला तुमचे एसएमएस वाचायची गरज नसते. कॉन्टॅक्ट लागत नाहीत. ॲक्सेसिबिलिटीची परवानगी तर मुळीच देऊ नका, कारण ती दिली की ते ॲप तुमच्या स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेचा ओटीपी त्याच स्क्रीनवर येतो. मेसेजमधून आलेली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो नाहीतर थीम म्हणून, उघडू नका. चुकून उघडली आणि पैसे गेले, तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

शेवटी, जे आपल्या आईवडिलांचा, आजीआजोबांचा फोन लावून देतात त्यांच्यासाठी. रविवारी घरी जाता, फोन हातात घेता आणि आपल्याला आवडतं तसं सगळं नीटनेटकं करून देता. त्यात त्यांचे आयकॉन हलवू नका. त्यांना हिरवा फोनचा आयकॉन खाली डाव्या कोपऱ्यात असतो एवढंच पक्कं ठाऊक असतं, नाव वाचून ते शोधत नाहीत. अक्षरं वाढवताना पट्टी त्यांच्या हातात द्या आणि त्यांच्याच चष्म्यातून, त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसून त्यांना आलेला एखादा मेसेज मोठ्याने वाचायला सांगा. अडखळले तर एक घर पुढे. वॉलपेपर कुठला हवा तेही विचारा. हातातला फोन त्यांचा आहे, त्यावर काय दिसावं हे त्यांनी ठरवायचं.

नमस्कार.