मार्चमधलं मतदान आणि अक्षय्य तृतीयेचा आंबा

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे एका साप्ताहिकाबद्दल. १९९५ साली ‘द इकॉनॉमिस्ट’च्या मालक कंपनीनं ब्रुसेल्समधून ‘युरोपियन व्हॉइस’ सुरू केलं. जवळजवळ वीस वर्षं ते निघालं आणि २०१५ साली त्याची जागा ‘पोलिटिको’ या अमेरिकी राजकीय वृत्तपत्राच्या युरोपीय आवृत्तीनं घेतली. विषय एकच, युरोपीय संघाचा कारभार. आयोगात कुठला मसुदा तयार होतोय, संसदेच्या कुठल्या समितीत तो अडकलाय, मंत्रिपरिषदेत कोणता देश विरोधात उभा आहे, हे सगळं निर्णय होण्याआधी सांगायचं. निर्णय होण्याआधी, हे लक्षात ठेवा. आपल्याकडे अधिवेशनातल्या सभात्यागाचे फोटो पहिल्या पानावर येतात, पण विधेयकात काय लिहिलंय ते शोधून काढावं लागतं. मला हे फार खटकतं.

असलं रुक्ष काही कोण वाचणार, असं वाटलं ना? मग माझ्या मावशीची गोष्ट ऐका.

मावशी लंडनमध्ये राहते. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला हापूसचा नैवेद्य दाखवायचा आणि मगच आंबा तोंडात घालायचा, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम. २०१४ साली अक्षय्य तृतीया होती २ मेला. एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. ‘‘अगं, दुकानदार म्हणतो १ मेपासून आपला आंबा बंद! पेटी आत्ता घेऊन ठेवा म्हणाला. आणि आंबाच नाही गं, वांगी, कारली, पडवळ, अळूची पानं, सगळंच बंद!’’

आंब्याचं दुःख होतंच, पण अळूचं नाव घेताना तिला रडू आलं. खरं सांगते, गूळ-चिंच घालून उकडलेल्या आणि मग तळलेल्या अळूवडीला जगात तोड नाही. पालकाच्या पानांची वडी म्हणजे नाइलाज.

‘‘पण ठरवलं कोणी?’’ मावशीनं विचारलं. तेव्हा ब्रिटन युरोपीय संघातच होता, म्हणून तिला वाटलं, मोठ्या सभागृहात भाषणं झाली असतील. तसं काही नव्हतं. सदस्य देशांच्या तज्ज्ञांची एक समिती असते, वनस्पतींच्या आरोग्याची. त्या समितीनं मार्चमध्येच बंदीच्या बाजूनं मत दिलं होतं. २०१३ साली भारतातून गेलेल्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. तिकडच्या टोमॅटो-काकडीच्या हरितगृहांत ही कीड शिरली तर काय, ही ब्रिटिश सरकारची काळजी. ही काळजी मला खोटी वाटत नाही. देवगड-रत्नागिरीचा बागायतदार फळमाशीला चांगला ओळखतो.

पण तारखा बघा. मतदान मार्चमध्ये, बंदी मेमध्ये. पुन्हा सांगते, मतदान मार्चमध्ये, बंदी मेमध्ये. निर्णय जाहीर झालेला होता, कोणी लपवला नव्हता. तरी मावशीपर्यंत तो पोचला दुकानदाराच्या तोंडून. इंग्लंडमधल्या लेस्टरचे तेव्हाचे खासदार कीथ वाझ यांनी जाहीर निषेध केला, पण तोवर शिक्कामोर्तब झालं होतं. मावशीनं त्या वर्षी दुकानातली शेवटची पेटी आणली आणि आंबे पेपरात गुंडाळून पिकवले. (हापूस पिकावा तो पेंढ्यातच, असं माझं मत आहे. पण लंडनमध्ये पेंढा कुठून आणणार?)

अशा समितीच्या विषयपत्रिकेत काय आहे, हे आधी वाचून दाखवणाऱ्या वार्ताहराची किंमत मला त्या फोननंतर कळली. आयोग, संसद, मंत्रिपरिषद ही नावं आपल्या कानावर असतात. रोजच्या जेवणाचं मात्र पुष्कळदा अशा समितीच्या लहान खोलीत ठरतं.

पुढे आपल्याकडच्या निर्यात तपासणीत सुधारणा झाली आणि २०१५च्या जानेवारीत त्याच समितीनं आंब्यावरची बंदी उठवायला मत दिलं. फक्त आंब्यावरची. चारही भाज्या तशाच अडकून राहिल्या. त्या एप्रिलमध्ये अक्षय्य तृतीयेला मावशीनं नैवेद्य दाखवला आणि लगेच मला फोन लावला. आंबा कसा निघाला ते सांगायच्या आधीच तिनं विचारलं, ‘‘त्या समितीची पुढची बैठक कधी गं? अळूचं काय ते बघायला हवं.’’