वळण आधी, वर्तुळ नंतर

(तरुण अभियंत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. निमंत्रणपत्रिकेत विषय 'वाहतूक बेटांची रचना' असा छापलाय. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कारंजं, लॉन, पुतळा, भोवती स्टीलचं रेलिंग आणि ज्यांनी पैसे दिले त्यांची पाटी. मीही नोकरीला लागलो तेव्हा कंपास उघडून आधी मधलं वर्तुळ काढायचो आणि मग चारी बाजूंनी रस्ते आणून त्याला चिकटवायचो.

माझ्या पहिल्या सर्कलचा नकाशा साहेबांपुढे ठेवला. त्यांनी बेटाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "सरळ जाणारा ट्रक इथं स्टिअरिंग किती फिरवेल?" मी नकाशावर फूटपट्टी ठेवली. पट्टी या रस्त्यापासून समोरच्या रस्त्यापर्यंत बेटाला जेमतेम घासून सरळ गेली. साहेब म्हणाले, "मग हे बांधताय कशाला?" माझं रस्त्याचं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

सर्कलमध्ये काम करतं ते तोंडाशी असलेलं वळण. गाडी आत शिरताना तिला डावीकडे वाकावंच लागेल असे कर्ब, म्हणजे रस्त्याच्या कडेचे उंच दगड, बसवायचे. गणित कॉलेजातलंच आहे: वेगाचा (ताशी किलोमीटर) वर्ग म्हणजे 127 गुणिले वळणाची त्रिज्या (मीटर) गुणिले टायरची पकड आणि रस्त्याचा उतार यांची बेरीज. ती बेरीज पाव, म्हणजे 0.25, धरा. वाट 100 मीटर त्रिज्येची असेल तर गाडी ताशी 56 किलोमीटरने आरामात जाते. तीच त्रिज्या 30 मीटरवर आणली की वेग 31 वर येतो. पाटी नाही, गतिरोधक नाही, पोलीस नाही. वेग निम्मा झाला की धडकेतली ऊर्जा पावपट होते, हे तुम्हाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट कोनाची. साध्या चौरस्त्यावर गाड्यांच्या वाटा 32 ठिकाणी एकमेकींना भिडतात. एकपदरी सर्कलवर 8 ठिकाणी. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळजवळ नाहीशी होते, उरतं ते बाजूला घासणं. पत्रा चेपतो, माणूस वाचतो. अमेरिकेत 24 चौकांची सर्कलं केल्यावर आधीच्या आणि नंतरच्या अपघातांची तुलना झाली होती. ती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण अपघात 38 टक्क्यांनी घटले, पण माणसं जखमी होणारे अपघात 76 टक्क्यांनी. दोन आकड्यांमधला फरक पाहिलात ना? तो या कोनाचा.

आता थोडा इतिहास. न्यूयॉर्कला कोलंबस सर्कलवर 1905 मध्ये विल्यम फेल्प्स इनो यांनी गाड्या एकाच दिशेने फिरवायला लावल्या. दोन वर्षांनी पॅरिसच्या एत्वालला, म्हणजे त्या मोठ्या कमानीभोवती, तेच झालं. कल्पना जगभर गेली आणि जगभर तुंबली. कारण आत आधी कोण, हे कोणी ठरवलंच नव्हतं. आतली गाडी बाहेरच्यासाठी थांबते, तिच्यामागची थांबते, आणि शेपूट फिरून पहिल्या तोंडावर येतं. दादरच्या खोदादाद सर्कलवर पोलीस नसताना जो कधी अडकलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या काळच्या अभियंत्यांनी उपाय काय काढला? वर्तुळ मोठं करा, म्हणजे गाड्यांना एकमेकींत मिसळायला लांबी मिळेल. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1976 च्या पुस्तिकेचा हिशोबही याच मिसळण्यावर उभा होता. त्यात तासाला साधारण 3000 वाहनं ही मर्यादा दिली होती. 2017 मध्ये ती पुस्तिका सुधारून नव्याने निघाली, तेव्हा नावातला 'रोटरी' शब्द जाऊन 'राउंडअबाउट' आला. शब्द बदलला म्हणजे विचारही बदलला.

तो विचार बदलला इंग्लंडात. नोव्हेंबर 1966 मध्ये तिथं नियम झाला: आत शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आधीच आत फिरत असलेल्याला, वाट द्यायची. बस, एवढंच. एका रेघेचा आणि एका पाटीचा खर्च. आतली गाडी थांबतच नाही, त्यामुळे वर्तुळ तुंबत नाही. मग मिसळायला लांबी कशाला हवी? वर्तुळ लहान करता येतं. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या तिथल्या सरकारी संशोधकाने ते लहान करत करत रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत आणलं. मोठी गाडी त्या ठिपक्यावरून गेली तरी चालते. 1972 मध्ये स्विंडन गावात पाच लहान सर्कलं एका मोठ्याभोवती मांडली गेली आणि मधल्या वर्तुळाभोवती गाड्या चक्क उलट्या फिरतात. नकाशा पाहून चक्कर येते, पण ते आजही चालू आहे.

इथं एक गंमत सांगतो. फ्रान्सचा जुना नियमही 'उजवीकडच्याला आधी' असाच होता. शब्द तेच, पण तिथं गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणजे उजवीकडचा हा बाहेरून आत शिरणारा ठरतो! त्याला आधी सोडलं की वर्तुळ भरलंच. 1984 मध्ये फ्रान्सने सर्कलपुरता नियम उलटा केला आणि मग तिथं सर्कलांचं पीकच आलं. एत्वालवर मात्र अजून जुनाच नियम आहे. आपण डावीकडून चालणारे. आपल्या 1989 च्या रस्ता नियमांत चौकात उजवीकडच्याला वाट द्या असं लिहिलेलं होतं. म्हणजे कागदावर आपल्याकडे चांगल्या सर्कलला लागणारा नियम फुकटात होता. रस्त्यावर 'ज्याचं नाक आधी घुसलं तो पुढे' हा नियम चालला. कर्बांनी वेग 30 वर आणला तर माणसं एकमेकांकडे बघून वाट देतात, असं मी पाहिलंय. 50 वर कोणी कोणाकडे बघत नाही.

बांधकामाबद्दल दोनच गोष्टी बोलतो, बाकी पुस्तकात आहेत. एक, उतार बाहेरच्या बाजूला, साधारण दोन टक्के. हायवेवर काम केलेल्या माणसाचा हात इथं अडखळतो, कारण वळणावर बाहेरची कड उचलायची त्याला सवय असते. इथं ती उचलली तर वेग वाढतो आणि पहिल्याच पावसात बेटाच्या कडेला तळं साचतं. दुसरी गोष्ट उसाची. आम्ही एका साखर कारखान्याच्या रस्त्यावर सर्कल आखलं. मी बांधण्याआधी फक्की मारून, वाळूची पोती ठेवून पाहतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टर मस्त फिरला, पहिली ट्रॉली थोडी आत गेली, दुसरीने तीन पोती फोडली. मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापतात. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "साहेब, ही बाग वाचवायची आसंल तर कारखाना हलवा." मग बेटाभोवती दगडी फरसबंदीचा पट्टा केला, रस्त्यापेक्षा थोडा उंच. कारवाल्याला तो खडखडतो म्हणून तो चढत नाही, ट्रॉली मात्र खुशाल चढते.

आता दिवे. इथं मी चुकलोय, आणि चूक पूर्ण माझी. एका सर्कलच्या मधोमध मी हायमास्ट, म्हणजे माथ्यावर दिव्यांचा घोस असलेला उंच खांब, उभा केला. उद्घाटनाला सगळे खूश, लख्ख उजेड. आठवड्याभराने रात्री मी स्वतः गाडी घेऊन गेलो. तोंडाशी आलो तर समोर प्रकाशाचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे एक काळी आकृती हलताना दिसली. ब्रेक दाबला. डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई झेब्रावरून चालली होती. दिवा तिच्या मागे होता, माझ्याकडची तिची बाजू पूर्ण अंधारात.

त्यात हेडलाइटही कामाला येत नाही. तो गाडीच्या नाकासमोर सरळ उजेड टाकतो आणि गाडी तर वळत असते. म्हणून सर्कलवर खांब बाहेरच्या कडेला लागतात. आणि झेब्रावर नव्हे, त्याच्या अलीकडे, गाडी ज्या बाजूने येते त्या बाजूला तीनेक मीटर. म्हणजे पायी माणसाच्या चालकाकडच्या अंगावर उजेड पडतो. मोजमापही उभं घ्यायचं: दीड मीटर उंचीवर लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, आडवा नाही, गाडीकडे तोंड करून उभा धरायचा. 20 लक्स मिळाले पाहिजेत. अंधाऱ्या रस्त्यावरून येणाऱ्याला खांबांची रांगही थोडी आधीपासून हवी. ताशी 60 ने तो सेकंदाला 17 मीटर कापतो आणि डोळे सरावायला त्याला चार-पाच सेकंद तरी द्या.

झेब्रा वाट-द्या रेघेच्या, म्हणजे आत शिरणाऱ्याने जिथं थांबून वाट द्यायची त्या रेघेच्या, मागे एक गाडीभर अंतरावर हवा, म्हणजे चालक आधी पायी माणसाकडे बघतो आणि मग आतल्या गाड्यांकडे. एका वेळी एकच काम. तोंडाशी येणारा-जाणारा रस्ता दुभंगणाऱ्या छोट्या बेटावर पायी माणसाला मध्ये थांबताही येतं.

तो हायमास्ट आम्ही काढला. बाहेरच्या कडेला खांब लावले आणि रात्री अकराला मी, वायरमन आणि त्याचा पोरगा मीटर घेऊन फिरलो. पोरगा झेब्रावर उभा राहायचा, मी त्याच्या छातीशी मीटर धरायचो. पहिल्या तोंडावर 22, दुसऱ्यावर 24, तिसऱ्यावर 21. चौथ्यावर 9. खांब तोच, फिटिंग तेच, तारही ठीक. पोरानं वर बघितलं आणि हसला. दिव्याच्या पुढ्यात कडुलिंबाची फांदी आली होती.