तांब्याचं जुनं नाणं: झीज वेगळी, पृष्ठ वेगळं

[दृश्य: देव्हारा, ताम्हनात देवांशेजारी एक नाणं]

कोकणातल्या देव्हाऱ्यातलं जुनं नाणं बहुतेकदा लख्ख गुलाबी असतं. सणावाराला चिंच, आमसूल नाहीतर राख लावून ते देवांबरोबर घासलं जातं. पूजेत त्यात काहीच गैर नाही, पण संग्राहकाच्या लेखी नाण्याची प्रत तिथेच घसरते. अनेक दशकांत जमलेला तपकिरी थर आंबट पदार्थ काढून टाकतो आणि राख बारीक ओरखडे पाडते. न घासलेल्या नाण्यात खाचा गडद, उंचवटे फिकट दिसतात. घासलेल्यात सगळीकडे एकच रंग.

[दृश्य: डिजिटल काटा, मग भिंग]

आधी काटा, मग भिंग. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा टाकसाळीतून निघाला तेव्हा शंभर ग्रेनचा होता, म्हणजे सुमारे ६.४८ ग्रॅम. काट्यावर सहाच्या खाली आकडा आला, तर धातू गेला आहे. कशानं गेला, ते भिंग सांगतं. १९०६ पासून मात्र पाव आणा ब्राँझचा आणि ४.८६ ग्रॅमचा झाला. तो हलका भरला म्हणून झिजलेला समजू नका.

नाणं कडेनं धरा, एकच दिवा बाजूनं, तिरका. प्रत ठरवायला पाचपट भिंग पुरे. दहापट भिंगातून चांगलं नाणंही जखमी दिसतं. १८३५ च्या पाव आण्यावर कंपनीचं चिन्ह आहे, चिन्हाच्या डाव्या-उजव्या बाजूंना सिंह. नजर आधी सिंहांच्या अंगावर जाऊ द्या, कारण झीज उंचवट्यांपासून सुरू होते. प्रतींची नावं इंग्रजी आहेत, वरून खाली अशी: फक्त टोकं घासली असतील तर एक्सएफ (एक्स्ट्रीमली फाइन). सिंहांचा तपशील अर्धा मिसळला, पण खालच्या पट्टीवरची अक्षरं वाचता येतात, तर व्हीएफ (व्हेरी फाइन). सिंह सपाट, पण नाण्याच्या मागच्या बाजूची पानांची माळ आणि मोठी अक्षरं स्वच्छ, तर फाइन. त्याखाली व्हीजी (व्हेरी गुड) आणि गुड. सत्तर गुणांची जी मोजपट्टी आज जगभर चालते, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडली, तीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठीच.

[दृश्य: दुदांडी शिवराई, दोन आडव्या रेघांवर कॅमेरा]

शिवराईला, म्हणजे मराठ्यांच्या तांब्याच्या नाण्याला, ही मोजपट्टी जशीच्या तशी लावणं अन्यायाचं आहे. ती हातानं ठोकलेली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. ‘श्री राजा शिव’ किंवा ‘छत्रपती’ यातली अक्षरं कडेबाहेर गेली, तर ती झीज नव्हे. आहेत त्या अक्षरांच्या माथ्याकडे पाहा. माथा सपाट, गुळगुळीत आणि रुंद झाला असेल तर नाणं वापरात झिजलं. अक्षर फिकट, पण तिथला पोत भोवतालच्या तांब्यासारखाच खरबरीत असेल, तर ठशावरचा घावच हलका बसला होता. दोन्हींना एकच प्रत देणं ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक.

[दृश्य: हिरवे ठिपके, जवळून]

आणि मग खारा वारा. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ तांब्यात शिरलं की तांब्याचं क्लोराइड तयार होतं. दमट हवेत त्यातून आम्ल सुटतं, ते पुन्हा तांबं खातं, आणि हे चक्र थांबत नाही. हाच तांब्याचा रोग. लाकडी दातकोरणीनं हलकेच टोका: हिरवा थर कडक राहिला तर तो स्थिर आहे, फिकट हिरवी पूड निघाली तर रोग जिवंत आहे. असं नाणं ताबडतोब वेगळं काढा आणि ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवा. पाणी रोज बदला, असं कित्येक दिवस. मग पूर्ण वाळवा. खड्डे भरून येत नाहीत, म्हणून नोंद दोन भागांत करा: ‘झीज व्हीएफ, पृष्ठ खाल्लेलं’. विकतानाही हे दोन्ही शब्द लिहायलाच हवेत.

मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नाणं ठेवू नका. त्यातून चिकट हिरवा लेप सुटतो. तो शुद्ध ॲसिटोननं, न घासता निघतो. साठवणीला मायलर या पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं, घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वाळवा. आषाढ-श्रावणात डबा दर आठवड्याला उघडून दाण्यांचा रंग बघा, आणि पाऊस कोसळत असेल तर तेवढा दिवस उघडू नका.